गॅलरीतले राजकारण आणि खुर्चीतले राजकारण



खेळात राजकारण नको, असे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. या वाक्याला टाळीही हमखास मिळते. पण ते नेमके कोणाला ऐकवले जाते, याची तपासणी आपण फारशी करत नाही. फुटबॉलपुरते बोलायचे तर हे वाक्य तिकीट काढून गॅलरीत बसणाऱ्या माणसाला ऐकवले जाते. संघटनेच्या खुर्चीवर बसलेल्या पुढाऱ्याला किंवा व्हीआयपी कक्षातल्या मंत्र्याला ते ऐकवल्याचे सहसा दिसत नाही. फुटबॉलमध्ये राजकारण पहिल्यापासून आहे आणि राहणार. वाद आहे तो ते कोणी करायचे याचा, आणि या वादात समर्थकाची बाजू आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. आज मला मांडायचे आहे ते एवढेच.

सुरुवात कोलकात्यापासून करू. ९ ऑगस्ट २०२४ रोजी तिथल्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. शहर पेटून उठले. १४ ऑगस्टच्या रात्री बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या. त्याच आठवड्याच्या शेवटी, १८ ऑगस्टला, सॉल्ट लेक स्टेडियमवर ड्युरँड चषकाचा मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल सामना ठरलेला होता. दोन्ही बाजूंचे समर्थक गॅलरीतून न्यायाची मागणी करणार, हे उघड होते. आदल्या दिवशी सुरक्षेचे कारण देऊन सामना रद्द झाला आणि दोन्ही संघांना एकेक गुण वाटून देण्यात आला. त्यानंतर जे घडले ते पाहण्यासारखे आहे. ज्या सामन्याला पुरेसा बंदोबस्त देता येत नव्हता, तो होणारच नाही असे ठरल्यावर त्याच स्टेडियमभोवती जमावबंदी लागू झाली आणि पोलिसांचा मोठा फौजफाटा उभा राहिला. तरीही लोक आले. मोहन बागानचे हिरवे-मरून, ईस्ट बंगालचे लाल-पिवळे आणि, सामना त्यांचा नसतानाही, मोहमेडन स्पोर्टिंगचे काळे-पांढरे सदरे एकाच रस्त्यावर दिसले. एरवी एकमेकांची आईबहीण काढणारी ही मंडळी. त्या संध्याकाळी एका क्लबाचा समर्थक दुसऱ्या क्लबाच्या समर्थकाला खांद्यावर घेऊन उभा होता. मोहन बागानचा कर्णधार शुभाशीष बोस पत्नीसह तिथे आला. लाठ्या चालल्या, धरपकड झाली. पोलिसांचे म्हणणे असे की, गर्दीत घुसून दंगा माजवण्याचा काही जणांचा बेत होता. तसा बेत असेलही. पण त्यावर उपाय म्हणून प्रशासनाने सगळ्या समर्थकांनाच संशयित ठरवले.

या लोकांनी मागितले काय? एका खुनाचा नीट तपास. सत्ता उलथवण्याची भाषा नव्हती. तरीसुद्धा "फुटबॉलप्रेमींनी फुटबॉल पाहावा" हा सल्ला देणारे लगेच पुढे सरसावले. त्यांना कोलकात्याच्या मैदानाचा इतिहास ठाऊक नसावा, किंवा ठाऊक असून अडचणीचा वाटत असावा.

२९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले. बूट होते ते एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायात. गर्दी इतकी लोटली होती की मागच्यांना मैदान दिसण्याची सोय नव्हती, म्हणून गुण कळवायला पतंग उडवले गेले, असे त्या दिवसाचे वर्णन आहे. त्या पतंगाकडे माना वर करून पाहणाऱ्या माणसांना एखाद्या क्लबाने चषक जिंकला एवढाच आनंद झाला असेल का? सहा वर्षांपूर्वीच बंगालची फाळणी झाली होती. पलटणीच्या संघाविरुद्धचा गोल त्यांच्या लेखी केवळ गोल नव्हता. आज शाळेच्या पुस्तकात आपण त्याला राष्ट्रीय अभिमानाचा क्षण म्हणतो. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याला मात्र तो मैदानात घुसलेला राजकीय जमावच वाटला असणार. म्हणजे शंभर वर्षे उलटली की गॅलरीतल्या राजकारणाला देशभक्ती म्हणतात. आजचे असेल तर त्याला गोंधळ म्हणतात.

पुढे १९२० साली ईस्ट बंगाल क्लब स्थापन झाला. १९४७ नंतर पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना या परक्या शहरात आपला म्हणता येईल असा आसरा त्या लाल-पिवळ्या झेंड्याखाली मिळाला. कोळंबी विरुद्ध हिलसा मासा ही चढाओढ आपल्याला गमतीची वाटते. तिच्या तळाशी मात्र विस्थापनाची जखम आहे. त्याआधी १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग जिंकली आणि शहरातल्या गरीब मुसलमानांना मान ताठ करून चालायला एक निमित्त मिळाले. त्याबरोबर जातीय तेढीचे सावटही मैदानावर पडले. या तीन क्लबांच्या समर्थकांना राजकारण बाहेरून कोणी आणून दिले नाही. त्यांचे समर्थक असणे हेच फाळणी, धर्म, वर्ग आणि स्थलांतर यांच्यातून घडलेले आहे. जानेवारी २०२० मध्ये, नागरिकत्व कायद्याच्या वादात, ईस्ट बंगालच्या गॅलरीत एक प्रचंड फलक झळकला. त्याचा आशय असा होता की ही जमीन आम्ही रक्ताने मिळवली आहे, कागदपत्रांनी नव्हे. बापजाद्यांनी सीमा ओलांडली ती सरकारी शिक्के गोळा करत नव्हे, हे सांगायचा अधिकार त्या गॅलरीला नाही, तर कोणाला? ऑगस्ट २०२५ मध्ये, बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी ठरवले जाणाऱ्या मजुरांच्या बाजूने याच समर्थकांनी पुन्हा फलक धरला. याचा आपल्याशी सरळ संबंध आहे. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रातून उचललेल्या काही बंगाली मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीयच आहेत हे कळल्यावर परत आणावे लागले. सॉल्ट लेकचा तो फलक आपल्या राज्यातल्या कारभाराबद्दलही होता.

आता गॅलरीकडून खुर्चीकडे वळू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद सुमारे वीस वर्षे काँग्रेसचे प्रियरंजन दासमुन्शी यांच्याकडे होते. २००८ साली ते आजारी पडल्यावर सूत्रे राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल यांच्याकडे आली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांची मुदत संपली, पण घटनेचे प्रकरण न्यायालयात असल्याचे सांगून निवडणूक लांबत गेली. शेवटी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बाजूला करून प्रशासकांची समिती नेमली. यावर 'फिफा'ने काय केले? तिसऱ्या पक्षाचा हस्तक्षेप झाला म्हणून ऑगस्टमध्ये भारतालाच निलंबित केले. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, त्यातले काही सामने आपल्या नवी मुंबईत; तो हातचा जाण्याची वेळ आली. मुदत संपलेला पुढारी खुर्चीवर बसून राहतो तेव्हा फिफाच्या दृष्टीने हस्तक्षेप होत नाही. न्यायालय त्याला उठवते तेव्हा मात्र होतो!

प्रशासक समितीने सुचवलेल्या मतदारयादीत ३६ नामवंत खेळाडूंना मताचा अधिकार होता. फिफाच्या आक्षेपानंतर ती मते गेली आणि फक्त राज्य संघटनांची उरली. सप्टेंबर २०२२ मध्ये निवडणूक झाली. भारताचा अत्यंत लोकप्रिय फुटबॉलपटू बायचुंग भूतिया एका मतावर थांबला आणि भाजपचे कल्याण चौबे ३३ मतांनी निवडून आले. न्यायाने सांगायला हवे की चौबे स्वतः गोलरक्षक होते आणि भूतियाही काही राजकारणापासून सोवळा नव्हता. लोकसभेची निवडणूक त्यानेही लढवलेली आहे. प्रश्न दोघांच्या चारित्र्याचा नाही. ३३ विरुद्ध १ हा आकडा देशातल्या फुटबॉलप्रेमींच्या मताच्या आसपास तरी असेल, असे कोणी छातीठोकपणे म्हणेल का? काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप: पक्ष बदलले, खुर्ची पुढाऱ्यांकडेच राहिली. आणि हेच चौबे १८ ऑगस्ट २०२४ ला सॉल्ट लेकबाहेर समर्थकांच्या बाजूने हजर होते! बंगालमध्ये त्यांचा पक्ष तेव्हा विरोधात होता. दिल्लीच्या एखाद्या मैदानावर केंद्र सरकारविरुद्ध फलक लागले असते, तर महासंघाचे अध्यक्ष असेच धावून गेले असते का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

महाराष्ट्रातही वेगळे चित्र नाही. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्षपद प्रफुल्ल पटेलांनी वर्षानुवर्षे सांभाळले, तर मुंबईच्या जिल्हा संघटनेचे अध्यक्ष २०१७ साली आदित्य ठाकरे झाले. कोल्हापूर तर सोडाच. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचा फुटबॉल पेठेच्या अस्मितेशी एकजीव झालेला आहे. सामना असला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. तिथल्या चषकांची नावे पाहा: सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक. पैसा लागतो, तो पुढारी देतात, आणि नाव लावून घेतात. त्यांनी तो देऊ नये असे मी म्हणत नाही. त्यांच्या पैशावाचून कित्येक स्पर्धा झाल्याही नसत्या. पण चषकावर नाव, कमानीवर फोटो आणि बक्षीस समारंभात भाषण हे सगळे क्रीडाप्रेमात मोडत असेल, तर पायऱ्यांवर बसलेल्या पोराने रस्त्यातल्या खड्ड्यांवरून धरलेला पुठ्ठा तेवढा राजकारणात कसा मोडतो?

जागतिक पातळीवर तर हा दुटप्पीपणा आणखी ठळक दिसतो. २०१४ साली रशियाने क्रिमिया गिळला. २०१८ चा विश्वचषक तरीही रशियातच झाला. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर चार दिवसांत फिफाने रशियाला बाहेर काढले. निर्णय योग्य होता, पण तो राजकीयच होता. त्याच वर्षी कतारमध्ये युरोपीय कर्णधारांना भेदभावविरोधी दंडपट्टी बांधायची होती, तर पिवळ्या कार्डाची भीती घालून त्यांना गप्प बसवले गेले. आणि ५ डिसेंबर २०२५ रोजी, २०२६ च्या विश्वचषकाची गटवारी ठरवण्याच्या वॉशिंग्टनमधल्या समारंभात, फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो यांनी नव्याने काढलेला शांतता पुरस्कार अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या हाती दिला. खेळ राजकारणापासून दूर ठेवण्याचा नियम ज्या संस्थेच्या घटनेत आहे, तिनेच हे केले. उलट २०१६ साली ग्लासगोत सेल्टिकच्या समर्थकांनी इस्रायली संघाविरुद्धच्या सामन्यात पॅलेस्टाईनचे झेंडे फडकावले, तेव्हा युरोपीय महासंघाने क्लबाला दंड ठोठावला. समर्थकांनी मग दंडाच्या कितीतरी पट, दीड लाख पौंडांहून अधिक, रक्कम जमवून पॅलेस्टिनी मदतसंस्थांना दिली. आपला तो बाब्या म्हणतात तो हा प्रकार. राजकारणाची सगळ्यात मोठी झळही समर्थकालाच लागते. जून २०२५ मध्ये अमेरिकेने काढलेल्या प्रवासबंदीत इराण आणि हैती हे देश आले. विश्वचषकासाठी पात्र ठरलेल्या या देशांचे खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे निकटचे नातेवाईक यांना सूट ठेवण्यात आली. सामान्य प्रेक्षकाला नाही.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, ते हलके नाहीत. पहिला असा की माणूस मैदानावर रोजचे विसरायला जातो. नव्वद मिनिटे तरी त्याला निवांत असू द्या. ही इच्छा मला मान्य आहे. म्हणूनच गॅलरीतल्या मताने खेळ थांबवू नये, अशी अपेक्षा रास्त आहे, आणि बहुतेक फलक खेळ न थांबवताच झळकतात. पण विसरण्याची चैन सगळ्यांना सारखी परवडत नाही. आर. जी. करनंतर रात्रपाळीला जाणाऱ्या कोलकात्याच्या परिचारिकेला "आज तेवढे विसर" असे सांगणे सोपे आहे, ते सांगणारा घरी बसून सामना पाहत असेल तर.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. फलक उभारणारा संघटित गट काहीशे जणांचा असतो. गॅलरीत हजारो बसतात. त्या सगळ्यांच्या वतीने बोलायचा मक्ता यांना कोणी दिला? ईस्ट बंगालचेच उदाहरण घ्या. २०१९ च्या नागरिकत्व कायद्याने बांगलादेशातून आलेल्या हिंदूंना नागरिकत्वाची वाट मोकळी होते, म्हणून निर्वासित कुटुंबातल्या अनेकांनी त्याचे स्वागतही केले. त्यांनीही तिकीट काढलेले होते. हा आक्षेप मी पूर्ण खोडू शकत नाही. एवढेच म्हणेन की फलक हे क्लबाचे अधिकृत मत नसते आणि तसे कोणी मानूही नये. विरुद्ध मताच्या समर्थकाला शेजारी बसून आपला फलक धरता आला पाहिजे, आणि त्याला तो धरू न देणारा गट माझ्या लेखी पोलिसांइतकाच दोषी आहे.

तिसरा आक्षेप हिंसेचा. १३ मे १९९० रोजी झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर दिनामो आणि रेड स्टार बेलग्रेडच्या समर्थकांत दंगल उसळली. रेड स्टारच्या गॅलरीतली पोरे हाताशी धरून अर्कान नावाच्या गुंडाने सशस्त्र टोळी उभारली आणि पुढच्या युद्धात क्रोएशिया व बोस्नियात अत्याचार केले. गॅलरीतून असे विषही निघते, हे नाकारण्यात अर्थ नाही. काळ्या खेळाडूंकडे पाहून माकडांचे आवाज काढणारे इटली-स्पेनमध्ये अजून आहेत. पण हे उदाहरण नीट वाचा. ती माणसे राज्यसत्तेच्या विरोधात उभी नव्हती. सर्बियाच्या मिलोशेविचच्या सत्तेला अशी टोळी सोयीची होती, म्हणून ती पोसली गेली. दुसरे, कोलकात्याच्या मैदानावरची सर्वांत भीषण घटना १६ ऑगस्ट १९८० ची: ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात चेंगराचेंगरी होऊन १६ जणांचा जीव गेला. त्यात कुठला फलक नव्हता, घोषणा नव्हती. मैदानावरची बाचाबाची गॅलरीत पेटली आणि दोन्ही बाजूंचे लोक एकाच ठिकाणी बसवलेले असल्याने ती आवरता आली नाही. राजकारण तिथे आले ते चाळीस वर्षांनी. बंगालमधली २०२१ ची निवडणूक 'खेला होबे' या घोषणेवर जिंकलेल्या सरकारने १६ ऑगस्ट हाच दिवस 'खेला होबे दिवस' म्हणून पाळायला सुरुवात केली. समर्थकांच्या मृत्युदिनी निवडणुकीच्या घोषणेचा उत्सव करणाऱ्यांनी तीनच वर्षांनी त्याच महिन्यात समर्थकांना मैदानापासून हाकलावे, यावर वेगळे भाष्य नको.

तेव्हा रेघ कुठे ओढायची? एखाद्या जातीधर्माविरुद्ध द्वेष, खेळाडूच्या वर्णाची टिंगल, हिंसेची चिथावणी हे गॅलरीतही नको आणि व्हीआयपी कक्षातही नको. त्यापलीकडचे मत, सरकारविरोधी असो वा सरकारच्या बाजूचे, मांडू द्यावे. आणि ज्या मैदानावर पुढाऱ्याचा फोटो लावायला परवानगी आहे, तिथे त्याच पुढाऱ्याला प्रश्न विचारणारा फलक अडवला जाऊ नये. खुर्चीला सूट देऊन गॅलरीला शिस्त लावणारा नियम मला मान्य नाही.

पण फलक धरणे ही शेवटी बाहेर उभ्या असलेल्या माणसाची भाषा आहे. आत जागा नसली की तीच उरते. जिथे आत जागा मिळाली तिथे काय झाले, हेही पाहू. जर्मनीत क्लबातली बहुसंख्य मते सभासदांकडे ठेवणारा नियम आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून समर्थकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकफेकून सामने थांबवले, तेव्हा लीगला खासगी गुंतवणूकदाराचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये गुंडाळावा लागला. खेळ थांबवू नये हे मी आत्ताच म्हटले, आणि त्यांनी तो थांबवला. पण तो वाद घराच्या मालकीचा होता आणि मालक तेच होते. इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत ९७ समर्थक मेले. पोलिसांनी आणि एका खपाऊ वृत्तपत्राने दोष दारुड्या समर्थकांवर ढकलला. मृतांच्या कुटुंबांनी सत्तावीस वर्षे हे राजकारण लावून धरले, तेव्हा २०१६ मध्ये ज्युरीने तो सदोष मनुष्यवध ठरवला आणि समर्थकांना निर्दोष म्हटले. खेळात राजकारण नको, हा सल्ला त्या कुटुंबांनी ऐकला असता तर तो खोटा आरोप आजही इतिहास म्हणून शिकवला गेला असता. त्याच देशात २०२१ साली बड्या क्लबांनी घातलेला युरोपियन सुपर लीगचा घाट समर्थकांनी दोन दिवसांत मोडून काढला, आणि २०२५ मध्ये संसदेने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. महत्त्वाच्या निर्णयांआधी क्लबांनी समर्थकांचा सल्ला घ्यावा, अशी तरतूद त्या कायद्यात आहे.

आपल्याकडे याची सुरुवात दिल्लीतून होईल अशी आशा मला नाही. ती कोल्हापुरातून होऊ शकते, कारण तिथे समर्थक, खेळाडू आणि तालीम एकाच गल्लीत राहतात, आणि सामन्यातल्या हाणामाऱ्यांची नामुष्कीही त्या गल्लीलाच सोसावी लागते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने पुढच्या हंगामाच्या आधी प्रत्येक तालमीच्या समर्थकांना आपला एक प्रतिनिधी निवडू द्यावा, आणि त्यांच्यातून किमान दोघांना मताच्या अधिकारासह कार्यकारिणीत घ्यावे. तिकिटाचा दर, बंदोबस्त, फलकांचे नियम आणि चषकाला कोणाचे नाव द्यायचे, हे विषय त्यांच्यासमोर आल्याशिवाय ठरू नयेत. या सभागृहात तालमींचे पदाधिकारी असतील तर त्यांनी ही मागणी येत्या वार्षिक सभेत लेखी मांडावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.